तबकडी क्रमांक नऊ

सोमवारी सकाळी दालनाचं जाडजूड दार
पहिल्यांदाच कुणीतरी दगड लावून उघडं ठेवलं.
आत आता काही पेटणार नव्हतं.
तांबडा दिवा विझलेला, भोंगा खाली उतरवून
एका खोक्यात, खोक्यावर लिहिलेलं: भंगार?
प्रश्नचिन्ह ग्लेनिसनं काढलेलं.

खडूची टेकडी आहे ही, इंग्लंडच्या दक्षिणेची.
जुन्या धावपट्टीच्या भेगांतून मेंढ्या चरतात
आणि कुंपणाच्या अलीकडे आम्ही
एकतीस वर्षं उजेड पिळत आलो.

पिळणं हाच शब्द.
किरण आधी ताणायचा, काचांमधून नेत फुगवायचा,
आणि मग इतका आवळायचा
की त्याला राहायला वेळच उरू नये.
पापणी लवते तेवढ्याला निमिष म्हणतात.
इथे निमिष म्हणजे युग.
आमचे सगळेच्या सगळे शॉट
एकामागोमाग एक बसवले असते त्यात,
तरी पापणी हललीही नसती.

समोर सोन्याचा वर्ख, केसाहून पातळ.
किरण पडला की सोनं सोनं राहायचं नाही,
पाणी नाही, वाफ नाही,
घरातली सगळी माणसं एकदम उठून
वेगवेगळ्या दारांनी निघून जावीत
तसं काहीतरी व्हायचं त्याचं.
आम्हाला दिसायचा पडद्यावर एक डाग.
ऐकू यायचं, ठप्प. तेही कॅपॅसिटरांचं.
मग वीस मिनिटं चहा,
काच निवेपर्यंत.

त्या वीस-वीस मिनिटांत ग्लेनिसनं
दोन मुलांचे स्वेटर विणले,
एक घटस्फोट निस्तरला,
आणि वहीत नोंदी केल्या:
४८१२. नेमका. बाहेर बर्फ.
४८१३. सहाव्या आरशावर धुळीचा कण. माझी चूक.
तो आरसा तिनं मला दाखवला होता,
तिळाएवढी जागा, करपलेली.

नवं यंत्र वीसपट ताकदीचं, असं फलकावर लिहिलंय.
बोगुमिल, नवा इंजिनिअर, भिंतीवर रेघा मारत फिरतो:
इथे पंप, इथे स्फटिक, हा खांब कुणी घातला मध्येच?
दर मिनिटाला एक शॉट, तो सांगतो.
"आणि चहा?"
तो हसतो. ग्लेनिसला हसू येत नाही,
मग येतं.

दुपारी काचेच्या तबकड्या निघाल्या.
हातमोजे, टोप्या, कुणी बोलायचं नाही.
आठ पेट्यांत गेल्या. नववीची पेटी लहान पडली,
म्हणून ग्लेनिसच ती उचलून निघाली,
काठोकाठ भरलेल्या पातेल्यासारखी,
पावलं मोजत, व्हॅनपर्यंत.

कुणी पाहुण्यानं विचारलं की ती सांगायची,
रंग निळा, पण धुरकट. आमच्या फेब्रुवारीसारखा.
ट्यूबलाइटखाली आम्हीही तोच पाहिलेला.

दाराबाहेर ऊन होतं.
तिच्या हातात तबकडी जांभळी झाली,
फिकी, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी.

ती थांबली. मागे वळून आत गेली: निळी.
बाहेर आली: जांभळी.
परत आत.
बोगुमिल म्हणाला, निओडिमियमचा गुण आहे,
दिवा बदलला की रंग बदलतो, पुस्तकात असतं.
"असेल," ती म्हणाली,
"मी पुसत होते. वाचत नव्हते."

ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला,
मग आमच्याकडे बघून इंजिन बंद केलं.

"वही आण," ती मला म्हणाली, तिचे हात अडकलेले.
"नंबर काय घालू?"
"नंबर नको. शॉट नाही, असं लिही.
ऊन."

मी लिहिलं.
पुढे वेळेचा रकाना होता, पिकोसेकंदांचा.
त्यात काय भरावं
ते काही मला सुचेना.